बारकूची हिरवी कडी

एका कारखान्याच्या शेडमागे करंजाचं झाड होतं. झाडात एक ढोली. ढोलीत दोन खारी. मोठी झुपकी. धाकटा बारकू.

बारकूला दात येत होते. हिरड्या ठणकायच्या. मग तो कडी चावायचा. हिरवी कडी. मऊ मऊ. ओढली की लांब. सोडली की टुण्! पुन्हा गोल. कडी चावता चावता बारकू निजायचा.

एकदा कडी खाली पडली. रस्त्यावर पडली. ट्रक आला. घर्र घर्र. खाली टोकदार खडी, वर चाक. कच्च.

कडीचे दोन तुकडे झाले.

एक तुकडा बारकूने तोंडात धरला. दुसरा झुपकीने उचलला. पण तुकडा काही कडी नव्हे. तो सारखा निसटायचा. घशाकडे जायचा. झुपकीला भीती वाटली. बारकू रडू लागला. ऊं ऊं. ऊं ऊं.

फांदीवरून कावळा म्हणाला, "टाकून दे तो तुकडा. तुटलं की टाकायचं."

"टाकणार नाही," झुपकी म्हणाली. "बारकूची कडी आहे. बारकूला मिळालीच पाहिजे."

झुपकी निघाली शेडकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

शेडमध्ये मऊ मऊ प्लास्टिकच्या वस्तू बनत. टूथब्रशची मूठ. बाळाचा चमचा. चपलेचा पट्टा. बारकूची कडीही इथल्याच साच्यातली. साचा लोखंडाचा. गार. तोंड मिटून बसलेला.

"साचेदादा, साचेदादा, कडी घडव ना.
कडी होईना,
बारकू निजेना."

साचा म्हणाला, "घडवीन की. पण मला पातळ माल लागतो. आधी नळीने वितळवू दे. मग बघू."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

नळी लांबच लांब. तिच्या पोटात ऊन ऊन. सूं सूं.

"नळीताई, नळीताई, वितळव ना.
साचा घडवेना,
कडी होईना,
बारकू निजेना."

नळी म्हणाली, "वितळवीन की. पण एवढा तुकडा माझ्या घशात अडकेल. आधी चक्कीने भरडू दे. मग बघू."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

चक्कीला दात फार. खर्र खर्र.

"चक्कीकाकू, चक्कीकाकू, भरड ना.
नळी वितळवेना,
साचा घडवेना,
कडी होईना,
बारकू निजेना."

चक्की म्हणाली, "भरडीन की. पण किती मळलाय हा! बाळाची वस्तू ना? मातीचा कणही चालायचा नाही. आधी नळाने धुऊ दे. मग बघू."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

नळ भिंतीला टेकून उभा. टप टप.

"नळभाऊ, नळभाऊ, धू ना.
चक्की भरडेना,
नळी वितळवेना,
साचा घडवेना,
कडी होईना,
बारकू निजेना."

नळ म्हणाला, "धुईन की. पण मी आपला आपण सुटत नाही. आधी मावशीने सोडू दे. मग बघू."

झुपकीने शेपटी आपटली. "सगळ्यांचं आपलं मग बघू. हिरडी ठणकायची थांबते का मग बघू म्हणून?"

आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शेवंतामावशी शेडमध्ये काम करायची. आता चहा पीत बसली होती. फुर्र फुर्र.

"मावशी, मावशी, नळ सोड ना.
नळ धुवेना,
चक्की भरडेना,
नळी वितळवेना,
साचा घडवेना,
कडी होईना,
बारकू निजेना."

मावशीने तुकडा ओढला. सोडला. टुण्!

"माल चांगला आहे गं," ती म्हणाली. "पण एवढ्यात अर्धीच कडी होईल. दुसरा तुकडा कुठाय?"

"बारकूच्या तोंडात. तो नाही द्यायचा. तुझ्या गोणीतले प्लास्टिकचे दाणे घाल ना."

"ते काळे दाणे चपलेचे. बाळाच्या तोंडात ते नाही जायचे."

झुपकी बाहेर पळाली. काळा तुकडा ओढत आली. "मग हा घे. हापण ओढला की लांबतो."

मावशीने चहा खाली ठेवला.

"हा टायर आहे, झुपके. तापवला तर वितळत नाही. जळतो. धूर होतो. आणि हा तू बाळाला देणार?"

"नाही," झुपकी हळूच म्हणाली.

"बारकूने तुकडा देऊ दे. मग लगेच."

लगेच! झुपकी निघाली ढोलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बारकू, बारकू, तुकडा दे ना.
मावशी सोडेना,
नळ धुवेना,
चक्की भरडेना,
नळी वितळवेना,
साचा घडवेना,
कडी होईना,
माझा बारकू निजेना."

बारकूने तोंड घट्ट मिटलं. मग तो तुकड्याआडून बोलला.

"दिला तर माझ्याकडे काय राहील?"

"काहीच नाही. थोडा वेळ."

"आणि मग?"

"मग कडी."

"तीच?"

"तीच."

बारकूने ताईकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं. ओला तुकडा झुपकीच्या हातात पडला.

झुपकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बारकूने तुकडा दिला, मावशीने नळ सोडला.
मावशीने नळ सोडला, नळाने माल धुतला. झर्र झर्र.
नळाने माल धुतला, चक्कीने भरडला. खर्र खर्र.

मावशीने नळीच्या पोटातला काळा माल आधी बाहेर काढला. सगळा काढला. मग आत गेला हिरवा माल.

चक्कीने भरडला, नळीने वितळवला. सूं सूं.
नळीने वितळवला, साच्याने घडवला. खट्ट.

"दे, दे," झुपकी म्हणाली.

"थांब. गरम आहे. बाळाची हिरडी भाजेल. निवू दे."

झुपकीला थांबणं ठाऊक नव्हतं. पण ती थांबली. शेपटी धरून थांबली.

साचा उघडला. मावशीने कडी हातात घेतली. स्वतःच्या गालाला लावून पाहिली. गार.

"आता ने," मावशी म्हणाली.

ढोलीत बारकू वाट बघत होता. रिकाम्या तोंडाने. त्याने कडी चावली. ओढली. लांब झाली. सोडली.

टुण्!

"तीच," बारकू म्हणाला.

कडी निवली.
हिरडी निवली.
बारकू निजला.
आता तूही नीज.