बार माझा म्हणणारा तातोबा

ऐका रं पोरांनो. म्हाताऱ्यांनो, तुमीबी. डुलकी काढंल त्येच्या मिशीला गूळ लावीन.

लई वर्सं झाली. तवा ह्या डोंगरात वाघ हुता आन् माझ्या तोंडात दात. गावाची पारध निघायची. ज्येच्या बारानं डुक्कर पडंल त्येला मुंडकं. म्हनून बार काढला की वरडायचं, "बार माझा."

एकदा करवंदीची जाळी हालली. तातोबा गवसानं बार काढला, खोताच्या आबाजीनंबी काढला. दोघं संगंच वरडले, "बार माझा." आन् मुंडक्यासाठी लागले की भांडायला. जाळीत काय पडलंय, कुनीच बघंना.

तेवढ्यात जाळीतनं एक हलगी गडगडत भाईर आली. आपली आपन. कातड्याला एकच भोक. हलगी बडवून रान उठवनाऱ्या, हाका घालनाऱ्या लखूची हलगी.

समदी जाळीत शिरली. आत लखू मरून पडल्याला.

आबाजी म्हनला, "माझा बार आभाळात गेला."

पाटील म्हनला, "डुकरानं फाडला आसं सांगू."

तातोबा म्हनला, "मुंडकं मागताना बार माझा, आन् आता डुकराचा व्हय?"

त्येनं लखूला खांद्यावर घेतला, थेट लखूच्या दारात गेला. "भागूवैनी, न बघता बार काढला. बार माझा."

लखूच्या बायकूनं, भागूनं, दार सताड उघडलं. मग म्हनली, "आत आन त्येला."

दुसऱ्या दिशी तातोबा आपल्या पायानं कचेरीत गेला. सायेब म्हनला, "गोळी दुसऱ्याचीबी आसंल."

"आसंल. पर मी बघितलं न्हवतं, ते माझंच."

सजा भोगून आला, आन् मरस्तवर भागूचं शेत राखलं. बिनबंदुकीचा. रातीला डुकरं बांधावर यायची, त्येला बघून माघारी वळायची, आसं म्हनत्यात. आन् आबाजीच्या बंदुकीचा परत बारच झाला न्हाई. चाप वढला की आतनं हलगी वाजायची. बंदूक हिरीत टाकली, तर हीर वाजाय लागली.

आता पारध बंद हाय. पर शिमग्याला देवळाम्होरं ती भोकाची हलगी मांडत्यात. गुरव इचारतो, "बार कुनाचा?" ज्येच्या हातनं वर्सभरात काय मोडलं, कुनाला लागलं, त्यो तातोबाचं नाव घिऊन म्हनतो, "माझा." मग ज्येचं नुकसान, त्यो त्येला हाताला धरून घरात नेतो.

म्हनून आमच्या गावात मांजरानं मडकं फोडल्याचं कुनी ऐकलेलं न्हाई.