अकरा नंबर नीट चालंना

“…मग माझंच का ऐकत नाहीत ते?”

सुकुमार मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

गुरपादआण्णा मठाच्या ओसरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली, सुकुमारच्या ओठांकडं बघितलं आणि परत वात वळायला घेतली.

आण्णांना ऐकू येत नाही. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या आवाजात गेली, कान तिथंच राहिले. आता ते मठ झाडतात, दिवाबत्ती करतात. तरी पण काही झालं की विणकर आण्णांकडंच येतात आणि सांगून झालं की हलके होऊन जातात. बहिऱ्या माणसाला सांगून माणूस हलका कसा होतो, ते काही कळत नाही, पण होतो एवढं खरं.

सुकुमार त्यांच्या हाताखाली शेवटचा शिकलेला. आता चोवीस मागांच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग बिघडला की दुरुस्त करायचा, आणि कामगारांवर लक्षही त्यानंच ठेवायचं.

“आण्णा, तुम्ही कारखान्यात या एकदा. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते. त्यांना सांगा, सुकुमारचं ऐका म्हणून.”

“काय करत्यात ते?”

“पाठ फिरवतात.”

आण्णांचा हात थांबला.

ही गोष्ट मागावर काम केलेल्यालाच कळते. चोवीस माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा कानात शिरत नाही. तिथं सगळं बोलणं तोंडाकडं बघून चालतं. ओठ हलले की कळतं. तहान लागली तर अंगठा ओठाला, सुताची कांडी संपली तर दोन बोटं वर. म्हणून तिथं कुणाशी बोलणं टाकायचं असेल तर भांडावं लागत नाही. नुसतं तोंड फिरवायचं.

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी. कांडीवाल्या बायाक्कानं पण. मी ओरडून ओरडून घसा बसवला, आण्णा. कुणी माझ्या तोंडाकडं बघत नाही. चार दिवस झाले.”

“चार दिवसांआधी काय झालं?”

“काही नाही. यासीन गेला.”

“कुठं गेला?”

“घरी. काम सोडून. बावीस वर्षं माग चालवतोय म्हणून मला शिकवायला लागला. जाऊ दे गेला तर. उद्या सकाळी सात वाजता मालक त्याच्या चार मागांवर नवा माणूस उभा करणार आहेत.”

“मग यासीन?”

“त्याचं तो बघेल.”

आण्णांच्या हातातली वात जरा जास्तच वळली गेली, ती त्यांनी उलगडली आणि परत धरली.

पलीकडच्या गल्लीत एक कारखाना चालू होता. सुकुमारनं सवयीनं कान तिकडं लावला.

“बघा, तिथं एका मागाचा, धोट्याला ठोकणारा पिकर सैल झालाय. दुपारपर्यंत धोटा उडणार त्याचा. इथं बसून सांगतो.”

“असंल बाबा. मला कुठं ऐकू येतंय?”

सुकुमार ओशाळला. पण लगेच म्हणाला, “तसं नव्हे आण्णा. सांगायचं काय, की माझा कान चुकत नाही. तुम्हीच तयार केलाय. मग ऐकत नाही असं मला कोण म्हणणार?”

“कोण म्हणालं?”

“बायाक्का. तोंड फिरवायच्या आधी एवढंच म्हणाली. तुला कान हायत, पण तू ऐकत न्हाईस.”

“बायाक्का कशी ऐकती?”

“ती होय?” सुकुमारला हसू आलं. “तिला काहीही सांगा, ती पहिल्यांदा विचारणार, जेवलास काय? मागाचा पट्टा तुटला म्हटलं तरी जेवलास काय! कुणाचा आवाज बारीक झालाय, कुणाच्या घरात काय चाललंय, तेवढंच ऐकू जातं तिला.”

“आणि मालक?”

“मालकांना मीटर ऐकू येतात. आज कापड किती निघालं आणि गाडी कधी भरायची. बाकी तुम्ही रामायण सांगा, ते मधेच विचारणार, ‘म्हणजे किती मीटर?’”

“दिवाणजी?”

“ते आपलं वाक्य आपल्या आधी संपवतात. निम्मं आपण बोलायचं, निम्मं ते. आणि ते निम्मं दरवेळी चुकीचं.”

आण्णा खुदकन हसले. दात नसलेलं हसू.

“आणि तू?”

“मी बिघाड ऐकतो. कुठं काय चुकतंय ते मला लगेच कळतं.”

“यासीन काय म्हणाला होता?”

“म्हणाला, अकरा नंबर नीट चालंना.”

“मग?”

“आठवडाभर तेच. रोज आपलं अकरा नंबर नीट चालंना. कापडात फॉल्ट यायला लागले, तुटलेलं सूत तसंच राहायला लागलं. मालक म्हणाले, म्हणजे किती मीटर खराब? बायाक्का म्हणाली, यासीनभाईचा आवाज उतरलाय. मी म्हटलं, सरका सगळे. अकरा नंबरसमोर दहा मिनिटं उभा राहिलो, आण्णा. डोळे मिटून ऐकला. माग ठणठणीत!”

“म्हणजे बरोबर कुणी ऐकलं?”

“मी. माग खरंच चांगला होता.”

“मग इथं कशाला आलास?”



ओसरीच्या खांबावरून मुंग्यांची रांग चालली होती. सुकुमार ती बघत बसला.

“मी त्याला म्हटलं,” तो खालीच बघत म्हणाला, आणि मग आठवून त्यानं तोंड वर केलं. आण्णांशी बोलायचं तर तोंड वर हवं. “मी म्हटलं, माग बरा आहे, तूच बिघडलायस. सगळ्यांसमोर म्हटलं.”

“मग तो काय म्हणाला?”

“म्हणाला काही नाही. अंगावर आला. नाकाला नाक लागेल एवढा जवळ. असा डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघत राहिला. पहिल्यापासून नाही, पण चार-सहा महिने झाले, हीच रीत झाली त्याची. काही सांगितलं की एकदा ऐकायचं नाही, दुसऱ्यांदा सांगितलं की अंगावर यायचं. त्या दिवशी मी पण मग दोन्ही हातांनी ढकलला. छातीला धरून. हाताखालचा माणूस अंगावर आला तर कोण ऐकून घेईल? तुम्ही सांगा. मी जॉबर आहे तिथला. आज यानं केलं, उद्या दुसरा करेल, परवा…”

आण्णांनी डोळे मिटले.

सुकुमार बोलतच राहिला. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं.

“आण्णा?”

आण्णांचे डोळे मिटलेलेच. हात मांडीवर, वात बोटांत.

“आण्णा! झोपलात काय?”

काही नाही.

सुकुमारनं आवाज चढवला. अंगणातला कावळा उडाला. मठात आतल्या खोलीत कुणीतरी भांडं खाली ठेवून कानोसा घेतला असावा, कारण आतला आवाज थांबला. आण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

“मी इथं जीव तोडून सांगतोय…”

तो सरकत पुढं आला. आण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अगदी तोंडाजवळ तोंड नेलं, श्वास लागेल एवढं, आणि म्हणाला, “आण्णा, बघा की माझ्याकडं.”

आण्णांनी दोन्ही तळवे उचलले, त्याच्या छातीवर ठेवले आणि त्याला ढकललं.

जोरात नाही. पण सुकुमार उकिडवा होता. तो मागं पडला, कोपर फरशीला लागलं.

“हे काय आण्णा!” तो ओरडला. रडायच्या बेतात आला होता. “मी काय मारायला आलो होतो काय? ऐकू यावं म्हणून जवळ आलो…”

आणि तो थांबला.

पलीकडच्या गल्लीतला कारखाना चालूच होता. खटखट खटखट.

आण्णांनी डोळे उघडले.

“काय म्हणालास? डोळं मिटलं होतं माझं. परत सांग.”

सुकुमार कोपर धरून उठून बसला.

“सांग की.”

“ऐकू यावं म्हणून…” सुकुमार हळू म्हणाला. “ऐकू यावं म्हणून जवळ आला होता तो.”

आण्णा त्याच्या ओठांकडं बघत होते.

“त्याला माझं तोंड दिसत नव्हतं, आण्णा. लांबून दिसत नव्हतं.”

आण्णांनी वात खाली ठेवली.

“सूत पण दिसत नव्हतं. तुटलेलं सूत दिसलं नाही तर विणकर काय जोडणार? आणि विणकर डोळे गेलेत असं कसं सांगणार? कोण ठेवेल त्याला? म्हणून माग नीट चालंना म्हणत होता.” त्यानं कोपर चोळलं. “जाताना त्यानं चारही माग बंद केले. एकेक. मला वाटलं नाटक करतोय, मागाच्या लाकडावरून हात फिरवत फिरवत गेला. सगळ्यांना दाखवायला, की बघा मी किती वर्षं यांना सांभाळलं. तो माग बंद करायचा दांडा शोधत होता, आण्णा. चाचपत होता. मी बघत उभा होतो, आणि…”

त्यानं समोरची एक वात उचलली, परत ठेवली.

“मला सांगायचं तरी की त्यानं,” तो शेवटी म्हणाला. “एकदा तरी सांगायचं.”

“आठवडाभर रोज सांगितलं, म्हणालास.”

“तो मागाबद्दल…”

आण्णांनी नुसतं बघितलं.

सुकुमारनं खाली मान घातली. या वेळी त्याला वर बघायची आठवण राहिली नाही, आणि आण्णांनीही ती करून दिली नाही.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं. आण्णांच्या पुढ्यात वातींचा छोटा ढीग झाला होता. आतून कुणीतरी चहा आणून ठेवला, सुकुमारचा तसाच गार झाला. आण्णांनी आपला पिऊन टाकला.

मग सुकुमार उठला. शर्ट झटकला.

“मालकांकडं आधी जातो. सांगतो, नवा माणूस नको. चार माग महिनाभर मी चालवतो, मीटर कमी निघणार नाहीत म्हणतो. मीटरचं बोललं की त्यांना ऐकू येईल.” त्याला थोडं हसू आलं, पण टिकलं नाही. “बायाक्काला घेऊन जातो यासीनभाईंच्या घरी. नाही… नको. एकटाच जातो. डोळे दाखवायला नेतो त्यांना. मोतीबिंदू असेल तर काढता येतो. नसेल तर…”

तो पायरीवर उभा राहिला. खाली उतरला. परत वर आला.

“आण्णा, पण त्यांच्यासमोर गेल्यावर बोलू काय?”

आण्णा शेवटची वात वळत होते.

“चुकलो म्हणू? पाया पडू? ते बघणारच नाहीत माझ्याकडं. चार दिवसांत मला दारात उभंसुद्धा करणार नाहीत असं झालं असेल मन त्यांचं. काय बोलू ते तरी सांगा. पहिला शब्द सांगा.”

आण्णांनी वातींचा ढीग बाजूला सारला.

“खिडकी कुठल्या बाजूला आहे बघ,” ते म्हणाले. “उजेड तुझ्या तोंडावर पडंल असा बस.”