पहिल्या पाण्याचा मान

खूप जुनी गोष्ट आहे. उंच पठारावर एक गाव होतं. गावाला नदी नव्हती. होती एक दोर पुरणार नाही इतकी खोल विहीर आणि तिचं पाणी उपसणारी पवनचक्की. वारा सुटला की हौदात पाणी पडे, वारा पडला की चक्कीही गप्प.

वारा यायचा दुपारी. तेव्हा तो लहानसा हौद भरून वाहायचा आणि पाणी कड्यावरून वाया जायचं, कारण गावाचा रिवाज सकाळी पाणी भरण्याचा. त्यातही आधी कारागिरांनी भरायचं, घरांनी मागून. पहिल्या पाण्याचा मान धोंडबा रंगाऱ्याचा, आणि तो तीन पिढ्यांचा.

चक्की राखणारी गजराआजी त्याला सांगून थकली होती, की बाबा, तुझे रांजण दुपारी वाऱ्यावर भर, तुझं कापड काही तहानेनं मरत नाही. धोंडबा म्हणे, मानकऱ्यानं का वाहून जाणारं पाणी भरायचं?

एका चैत्रात दोन दिवस वारा फिरकलाच नाही. हौद अर्धाच उरला. दुसऱ्या सकाळी धोंडबाने सवयीने रांजण भरले आणि त्यांत नीळ कालवली. मागोमाग कुंभाराने माती भिजवली. घरांच्या घागरी रिकाम्याच परतल्या.

त्याच सकाळी धोंडबाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सुईणीने पाणी मागितलं. धोंडबा घागर घेऊन दारोदार फिरला, पण कोणाकडेच पाणी नव्हतं. हात हलवत परतला, तर अंगणात निळ्या पाण्याचे सात रांजण काठोकाठ भरलेले. त्यातलं ओंजळभरही सुनेच्या कामाचं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात गजराआजी आली. तिच्या कमरेवर तिची एकुलती एक घागर होती, परवाची राखून ठेवलेली.

"घे," ती म्हणाली. "वारा आपल्या हातात नाही, धोंडबा. काम कधी करायचं, ते आहे."

नात सुखरूप जन्मली. तिसऱ्या दिवशी वारा सुटेपर्यंत आजी मात्र कोरड्या घशाने बसून होती.

मग धोंडबाने एक लांब फडकं निळं रंगवलं आणि चक्कीच्या खांबाला बांधलं. फडकं फडफडलं की कारागिरांनी भरायचं. लोंबलं की हौद फक्त घरांचा. मान त्याने आपण होऊन सोडला.

पुढच्या चैत्रात चार दिवस वारा पडला. धोंडबाचे रांजण अंगणात पालथे होते, आणि त्याची नात आईच्या भरल्या घागरीत हात बुडवून खेळत होती.

ज्याचं काम थांबू शकतं त्याने वाऱ्यासाठी थांबावं, म्हणजे ज्याचं थांबू शकत नाही त्याचं अडत नाही.