कव्हर तेवढं नवं

मांडव सजला आणि नवरदेवाचा पत्ता नाही, तशी सुलभाताई गव्हाणेंची गत झाली. त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या प्रकाशनाचा दिवस उजाडला, पण छापखान्यातून नुसती कव्हरं आली. मग घरातल्या तेवढ्याच जाडीच्या एका पुस्तकावर त्यांनी कव्हर चढवलं आणि वर फीत बांधली.

ज्येष्ठ समीक्षक चांदोरकर व्यासपीठावर फीत सोडून म्हणाले, "कादंबरी कालच वाचून काढली. नमुना ऐका!" मधलंच पान उघडून त्यांनी अर्धा परिच्छेद वाचला. "इतकं रटाळ! याला लिखाण म्हणतात?"

सुलभाताई आभार मानायला उठल्या. "सर, छपाई लांबली. आत तुमचीच कादंबरी आहे. माझी पुढच्या आठवड्यात येईल. ती मात्र वाचून सांगा."