उंच फांदी

माणसांनी वाटा पाडायच्या आधीची गोष्ट. एका वडावर वानरांचा कळप राहायचा. बिबट्या दिसला की म्होरक्यानं सर्वांत उंच फांदीवरून हुप्प करायचं, अशी रीत होती. एकदा हुप्प झालंच नाही आणि बिबट्यानं एक पिल्लू नेलं. कळपानं म्होरक्याला खाली बोलावून आरोप ठेवला. लगेच तरणा शेपट्या त्या फांदीवर जाऊन बसला.

“उतर,” म्हातारी भुरी म्हणाली. “नुसता आरोप ठेवलाय, निकाल लागायचाय. फांदी अजून त्याचीच आहे.”

“मग आज झालं तरी काय?” शेपट्या तडकला.

“आजवर तो वरून डाफरायचा. आज खाली बसून जाब देतोय. यापुढं त्या फांदीवर बसणाऱ्या कुणालाच हे चुकायचं नाही.”

शेपट्यानं खाली पाहिलं. म्होरक्यासमोर पिल्लाची आई बसली होती.

शेपट्या गुपचूप उतरला.