पेजेची पंगत

पळसोंडी गावाला नदीने तिन्ही बाजूंनी कवेत घेतले आहे आणि चौथ्या बाजूला निवांतनाथ महाराजांचा मठ आहे. महाराज कुठून आले, हे कोणालाच ठाऊक नाही. आले, मठाच्या ओसरीवर बसले आणि गावाचे झाले. भक्तहो, त्यांचे मूळ नावही कोणी विचारले नाही. चालणे सावकाश, बोलणे सावकाश आणि जेवण तर त्याहून सावकाश, म्हणून लोकांनीच त्यांना निवांतनाथ म्हणायला सुरुवात केली. मठाचा एक नेम असा, की भंडाऱ्याला महाराज सर्वांबरोबर पंगतीत बसत आणि ते उठेपर्यंत कोणी पानावरून उठत नसे. हा नेम ऐकायला गोड आहे. पाळताना भल्याभल्यांचे गुडघे धरत.

पंगतीची व्यवस्था हैबतरावांकडे होती. आग्रह करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. पोळीवर पोळी आणि तुपावर तूप वाढत जावे, पाहुणा घामाघूम व्हावा, मग कुठे यांचे समाधान! मनाने वाईट नव्हते, पण आपण वाढल्याखेरीज गावाचे पोट भरत नाही, असा त्यांना ताठा होता.

त्याच गावात तातोबा शिंपी आणि त्याची बायको अनसाबाई राहत. मूलबाळ नव्हते, दोघे एकमेकांना धरून होते. अनसाबाईला कॅन्सर झाला. जिल्ह्याच्या इस्पितळात ऑपरेशन झाले आणि नंतर सलाईनमधून औषध सुरू झाले. औषध रोगाशी झुंजत होते, पण त्या माउलीच्या पोटात अन्न ठरू देत नव्हते. तोंड सोलून निघालेले. पाणीसुद्धा लोखंडासारखे लागे. फोडणीचा नुसता वास आला तरी उमासे येत. तातोबाने शिलाई मशीन झाकून ठेवले, चूल उचलून परसात नेली, आणि उलटीचे तसराळे धुण्यापासून पेज शिजवण्यापर्यंत सगळे स्वतः करू लागला. गावाला हसायला निमित्त मिळाले. बायकोच्या ताटाखालचं मांजर, असे हैबतराव त्याला भर चावडीवर म्हणत.

एकदा हैबतराव समाचाराला आले ते बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊनच. पेजेची वाटी पाहून त्यांनी तोंड वाकडे केले.

"पेज पाजून कुठं माणूस उभं ऱ्हातं व्हय? तू उपाशी मारतोयस तिला, तातोबा."

मग स्वतः समोर बसून त्यांनी अनसाबाईला लाडू खायला लावला. थोरल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तिने तो खाल्ला आणि दिवसभर ओकत राहिली. पण ते बोलणे तातोबाच्या काळजात रुतले. तोही आग्रह करू लागला. एवढा घास माझ्यासाठी, म्हणून विनवू लागला. ती बिचारी त्याच्यासाठी खाई आणि सगळे बाहेर पडे. शेवटी अशी वेळ आली, की तो वाटी घेऊन आत आला म्हणजे ती भिंतीकडे तोंड फिरवी. जन्मभर ज्याच्या पावलांची वाट पाहिली, त्याच पावलांची तिला धास्ती बसली. 

इकडे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की अशक्तपणा असाच राहिला तर पुढचे औषध देता येणार नाही. म्हणजे उपचारच थांबणार. भंडारा दुसऱ्या दिवशी होता. तातोबा मठात आला आणि महाराजांच्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडला. आता लोकांना वाटेल, महाराजांनी अंगारा दिला असेल. तसे काही झाले नाही. डॉक्टरांनी उलटीची गोळी दिली आहे का, एवढेच त्यांनी विचारले. दिली होती.

"कधी देतोस?"

"जेवन झाल्यावर, म्हाराज."

"डॉक्टरांनी कधी द्यायला सांगितली?"

तातोबा घुटमळला. "जेवायच्या आदी अर्धा तास. पर रिकाम्या पोटी गोळी कशी द्यायची? पोटात आग पडंल म्हून मी..."

"आणि ती गोळी उलटीबरोबर बाहेर पडते," महाराज म्हणाले. "ज्याच्याकडे औषधाला गेलास त्याचं ऐक, बाळा. त्यांनी सांगितलं तसंच दे, आणि काय काय होतं ते त्यांच्यापासून काही लपवू नकोस. पाणीसुद्धा ठरेनासं झालं तर इकडे येऊ नकोस, सरळ इस्पितळ गाठ."

तातोबाने मान डोलावली. मग महाराज हळूच म्हणाले, "उद्या तिच्यासाठी करशील ती पेज वाटीभर आम्हांलाही आण. आम्ही तिच्या पंगतीला बसू. तू आग्रह करू नकोस. वाटी तिच्या हाताशी ठेव आणि नुसता जवळ बस."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा भंडारा. पाने मांडली गेली आणि तातोबा थंड केलेल्या पेजेची वाटी घेऊन आला. हैबतरावांनी ती सगळ्यांना दाखवली. मांजराने महाराजांना नैवेद्य आणलाय, म्हणाले. पंगत हसली. महाराजांनी मात्र हात पुढे करून वाटी घेतली, आपल्या पानावर ठेवली, आणि तातोबाला घरी जायला सांगितले.

पंगत सुरू झाली. महाराजांनी चमचाभर पेज घेतली, डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवला. लोकांचे जेवण अर्धे झाले तेव्हा दुसरा चमचा घेतला. पुन्हा थांबले. लोकांची जेवणे उरकली, हातावरचे अन्न वाळले, मांडवातले ऊन सरकत पानांवर आले. वाटी अजून अर्धीही झाली नव्हती! हैबतराव तुपाची पोळी घेऊन महाराजांपुढे वाकले आणि आग्रह करू लागले.

"नको," महाराज म्हणाले. "आम्हांला मळमळतं आहे."

त्यांच्या कपाळावर घाम होता. हैबतरावांच्या मनात एकदम आले, की त्या शिंप्याच्या पेजेतच काहीतरी असणार. त्याला ओढून आणून सगळ्यांसमोर जाब विचारायचा, म्हणून ते तरातरा निघाले.

तातोबाच्या दारात ते पोचले आणि त्यांचा पाय उंबऱ्याबाहेरच थबकला. आत अंथरुणाशेजारी, जमिनीवर, निवांतनाथ महाराज बसले होते. अनसाबाईने चमचाभर पेज घेतली. महाराजांनीही आपल्या वाटीतून तेवढीच घेतली. दोघे थांबले. तिला उमासा आला, तेव्हा महाराजांनी आपले उपरणे तिच्या तोंडाशी धरले आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. उमासा ओसरला. मग पुष्कळ वेळाने तिने आपण होऊन वाटीकडे हात नेला. तातोबा पलीकडे गप्प बसला होता.

हैबतराव उलट्या पावली मठाकडे धावले. पंगत होती तशीच बसलेली. महाराज आपल्या जागेवर, हात मांडीवर. मधे कुठे उठले होते का, म्हणून त्यांनी शेजारच्या पानावरच्याला विचारले. तो वैतागून म्हणाला, "ते उठले असते तर आम्ही कशाला बसून ऱ्हायलो असतो?" हैबतरावांनी महाराजांच्या खांद्याकडे पाहिले. उपरण्याचे टोक ओले होते आणि त्याला पेजेची शिते चिकटली होती.

भक्तहो, महाराजांनी रोग उडवून लावला, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. औषध पुढे ठरल्याप्रमाणे मिळाले, कारण ते झेपण्याइतकी ताकद तिच्या अंगात आली होती. नंतरही वाईट दिवस आले आणि गेले. पण अन्नावरून मन उठलेल्या एका जिवाबरोबर ज्यांनी सगळी पंगत बसवून ठेवली, त्या करुणेला काय नाव द्यावे!

हैबतराव गर्दीसमोर महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नको," ते म्हणाले. "आम्ही अजून तिथंच आहोत."

हैबतराव पुन्हा त्या दारात गेले. आता आत अनसाबाई आणि तातोबा, दोघेच होते. महाराज कुठे गेले, असे त्यांनी विचारले, तेव्हा तातोबा गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागला.

"म्हाराज? हितं कुनीच आलं न्हाई. तिनं आपलं आपन खाल्लं." मग रिकामी वाटी पुढे करून तो कुजबुजला, "हळू बोला, हैबतराव. पोटात ठरलंय. झोप लागलीय तिला."

 हैबतरावांनी डोक्यावरचा पटका काढून उंबऱ्याबाहेर ठेवला, आवाज होऊ न देता आत आले आणि तातोबाच्या पायांवर डोके टेकले.