आजीच्या अंगणात पालखी

दूरच्या एका डोंगरगावात एक वैद्यबुवा राहत होते. देवीवर त्यांची श्रद्धा अगदी खरी होती. फक्त ती चारचौघांत जरा मोठ्यानं बोलायची. गावचा कारभारी निवडायची वेळ आली, तसे ते घरोघरी सांगत सुटले, "बाबांनो, आपले जुने रिवाज मी राखीन. देवी माझ्या पाठीशी आहे!" त्यांच्याविरुद्ध उभा होता एक गवंडी. त्याचं एकच म्हणणं, ओढ्यावर साकव, छोटासा पूल, बांधू.

निवडीच्या आदल्या दिवशी देवीची पालखी निघाली. वर्षातून एकदा ती गावातल्या प्रत्येक घरी जाई. वैद्यबुवांच्या अंगणात ती टेकली आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली.

"देवी आज इथंच राहू दे," ते भोयांना म्हणाले. "ज्याला दर्शन हवं, तो इथं येईल."

म्हणजे अख्खं गाव आपल्या दारात! स्वारी मनातल्या मनात कारभारी झालीसुद्धा.

दुपारपर्यंत गाव आलं, दर्शन घेऊन पेढे खाऊ लागलं. शेवटी ओढ्यापलीकडची कुंभारीण आजी काठी टेकत, भिजल्या लुगड्यानं येऊन उभी राहिली.

"या आजी, ओटी भरा," वैद्यबुवा लगबगीनं म्हणाले.

"इथं कशाला भरू?" आजी कडाडली. "सकाळपासून अंगण सारवून, रांगोळी घालून बसलेय मी. माझ्या आजेसासूपासून देवी आमच्या दारी येते. तू रिवाज राखणार ना रे? मग राख की!"

अंगणात खसखस पिकली. वैद्यबुवांचे कान लाल झाले. पालखी हलली तर दारातली गर्दीही हलणार, मग उद्या किती हात आपल्यासाठी वर होतील कोण जाणे! त्यांनी देवीकडे पाहिलं, आजीच्या चिखलानं भरलेल्या पावलांकडे पाहिलं, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"चुकलो, आजी," म्हणत त्यांनी पगडी काढून ठेवली आणि पालखीला खांदा लावला.

ओढ्यात भोई अडखळले, तेव्हा दांडीखाली आणखी एक खांदा आला. गवंड्याचा! दोघे गुडघाभर पाण्यातून धडपडत, हसत पलीकडे गेले. ढोल वाजला. आजीच्या अंगणात पालखी अशी नाचली, की आजीनं काठी टाकून टाळ्या पिटल्या.

"काय बुवा, देवी कुणाच्या पाठीशी?" कुणीतरी चेष्टेनं विचारलं.

"सध्या तर खांद्यावर आहे," वैद्यबुवा धापा टाकत म्हणाले, "आणि चांगलीच जड आहे!"

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवाच निवडून आले. सगळ्यात आधी त्यांनी गवंड्याला बोलावलं. "साकव बांधायला घे," ते म्हणाले. "पालखीचा रिवाज राखायचा आहे."

तात्पर्य काय, तर देव आपल्या बाजूचा आहे असं सांगत फिरू नये. त्याची पालखी शेवटच्या दारापर्यंत न्यायला खांदा लावावा.